मूरॅबिनला आरपीएल केलं: कागदावर 25 तास, मला लागले 38

मेलबर्नला राहणारे, इकडे शिकायला येणारे बरेच जण विमान शिकण्याबद्दल विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी मूरॅबिन एअरपोर्टवरच्या एका लहान फ्लाइंग स्कूलमधून रिक्रिएशनल पायलट लायसन्स म्हणजे आरपीएल केलं, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी. स्कूलचं नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे तक्रारपण आहे.

आधी चांगलं. माझी पहिली इन्स्ट्रक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान, पण शिकवणं एकदम पक्कं. पहिल्या दिवशी उडायच्या आधी तिने सेसना 172 या लहान ट्रेनिंग विमानाभोवती पाऊण तास फिरवलं. स्ट्रटवर (पंखाला आधार देणारा दांडा) पाय देऊन वर चढायचं, टाकीत डिपस्टिक बुडवून फ्युएल मोजायचं, नुसत्या गेजवर भरवसा ठेवायचा नाही. मग पंखाखालून थोडं फ्युएल कपात काढून उजेडात धरायचं. ॲव्हगॅस म्हणजे विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं, त्यात पाणी असलं तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. रात्रभर पाऊस झाला होता त्या सकाळी मला तो थेंब खरंच दिसला, आणि निव्वळ निळं येईपर्यंत तिने तीनदा कप भरायला लावला. क्लास चुकला तरी चालेल पण हे चुकवायचं नाही म्हणाली, ते डोक्यात बसलंय.

लँडिंगला मी फार अडकलो होतो. नजर नाकासमोर जायची त्यामुळे फ्लेअर (टेकायच्या आधी नाक हलकेच वर उचलणं) कधी लवकर कधी उशिरा, रनवेच्या पार टोकाकडे बघ एवढंच ती सांगत राहिली आणि एक दिवस ते जमलं. मग सोलो, म्हणजे एकट्याने उडणं. ती उतरली तसं विमान इतकं हलकं झालं की रनवे 17 वरून कधी वर गेलो कळलंच नाही, उजवीकडची सीट रिकामी आणि तिच्या खिडकीतून पोर्ट फिलिप बेचं पाणी चमकत होतं. यासाठी पैसे भरले याचं अजून समाधान आहे.

आता तक्रार. माझे 14 तास झाले आणि तिला एअरलाइनमध्ये जॉब लागला, तिचं चांगलंच झालं, पण स्कूलने मला आधी काहीच सांगितलं नाही. पुढे तीन वेगवेगळे इन्स्ट्रक्टर, प्रत्येकजण आधी मला काय येतं ते बघणार, म्हणजे तेच स्टॉल (वेग पडून पंखांची उचल गेली की सावरायचा सराव), तेच सर्किट (रनवेभोवती फेरी मारून पुन्हा उतरणं) पुन्हा, आणि पैसे माझे. दुसरं, बिल इंजिन सुरू झाल्यापासूनच्या मीटरवर. ऊन पडलेल्या शनिवारी होल्डिंग पॉइंटला, म्हणजे रनवेवर जाण्याआधी थांबायच्या जागी, चार-पाच विमानांमागे उभं राहायचं तेही त्यातच. काही ठिकाणी फक्त हवेतल्या वेळेचं बिल करतात, तेव्हा ॲडमिशनआधी हे विचाराच.

आरपीएलने काय मिळतं तेपण नीट समजून घ्या. वय 16 पूर्ण, कमीत कमी 25 तास आणि त्यातले 5 सोलो. 1500 किलोपर्यंतचं एका इंजिनचं विमान, दिवसाउजेडी, निघालात तिथून 25 नॉटिकल माइलच्या (साधारण 46 किमी) आत, त्यापलीकडे जायला नेव्हिगेशन एन्डॉर्समेंट (लायसन्सवर मिळणारी जादा परवानगी) लागतं. घरच्यांना नेता येतं, कमाई करता येत नाही. आणि हे लायसन्स ऑस्ट्रेलियापुरतं आहे. भारतात जाऊन एअरलाइनमध्ये उडायचं असेल तर डीजीसीएच्या (भारतातलं विमान वाहतूक नियामक खातं) सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, 200 तास लागतात, आरपीएलवर तिकडे काही होत नाही, फक्त लॉगबुकातले तास पुढे उपयोगी पडतात. ज्यांना भारतात उडायचंय त्यांनी आधी भारतातच डीजीसीएचं मेडिकल करून घ्यावं, इथे लाखो रुपये भरल्यावर डोळ्यांत किंवा कानात काही निघालं तर घरच्यांवर काय येईल विचार करा. स्टुडंट व्हिसावर यायचं असेल तर स्कूल आणि कोर्स क्रायकॉसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांना घेऊ शकणाऱ्या संस्था आणि कोर्सची ऑस्ट्रेलिया सरकारची यादी) रजिस्टर्ड आहे का तेही एजंटच्या सांगण्यावर सोडू नका, स्वतः बघा.

शिकवण्याला माझ्याकडून 5 पैकी 5, ऑफिसच्या कारभाराला 2. पुढच्या महिन्यात नेव्हिगेशन सुरू करतोय, यावेळी इन्स्ट्रक्टर किती महिने राहणार ते आधी विचारलंय.