काबुकी नटांची चित्रं: एदोची की ओसाकाची?

काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची ठशांनी छापलेली चित्रं एदोत (आजचं टोकियो) आणि ओसाकात निघत. दोन्हीकडे तंत्र एकच: चेरीच्या लाकडाचे ठसे, कोझो या झुडपाच्या सालीचा कागद, हाताने घासून उठवलेला छाप. फरक कळतो तो चित्र हातात घेतल्यावर.

एदोत बाजार मोठा आणि विषयही अनेक: नट, गणिका, निसर्गदृश्यं. शाराकु या चित्रकाराने १७९४ मध्ये काढलेली २८ मोठ्या चेहऱ्यांची चित्रं गडद अभ्रकाच्या पार्श्वभूमीवर आहेत. हे अभ्रक झिजतं, म्हणून असं चित्र सपाट ठेवावं, पृष्ठभागाला बोट लावू नये.

ओसाकात मात्र जवळजवळ सगळी चित्रं नटांचीच. चितारी बरेचदा हौशी, नाटकवेडे. १८४२ च्या तेन्पो सुधारणांनी, म्हणजे सरकारच्या कडक फर्मानांनी, नटांच्या चित्रांवर बंदी आणली. काही वर्षांनी काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा ओबान हा मोठा आकार (सुमारे ३८ × २५ सेंमी) मागे पडून त्याच्या निम्मा चूबान हा आकार रूढ झाला. आकार घटला, पण थाट वाढला: धातूची पूड, उठावदार छपाई, दाट रंग. यातली सोनेरी पूड बहुधा पितळेची असते, ती काळवंडते; चमक आणायला पुसली तर रंगासकट निघून येते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे सेन्सॉरचा शिक्का. १७९१ पासून एदोच्या चित्रांवर तो सहसा असतो, ओसाकाच्या चित्रांवर क्वचितच. पण कडा कापलेल्या असतील तर शिक्काही गेलेला असू शकतो. मग आकार आणि सही पाहावी.

पहिल्यांदाच संग्रह करणाऱ्याने ओसाकाचा चूबान निवडावा. छपाईची कारागिरी इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.