दुसरी चावी हातात आली तेव्हा कळलं, गाडी १८ हजार नाही ७१ हजार किलोमीटर पळालेली आहे

मुंबईत सेकंडहँड स्पोर्ट्स कार बघत असाल, त्यातही "खूप कमी पळालेली" असं सांगून कोणी दाखवत असेल, तर हे वाचा. लांब होईल, पण माझे साडेएकवीस लाख गेलेत त्यामुळे सगळं सांगतो.

गाडी बीएमडब्ल्यू झेड४, एसड्राइव्ह ३५आय, २०१३चं मॉडेल, एमएच ०१ पासिंग. तीन लिटर सहा सिलिंडर ट्विन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर, बटण दाबलं की छत वीसेक सेकंदात घडी होऊन डिकीत जातं. मुलुंडला माझी छोटी प्रिंटिंग प्रेस आहे, ही गाडी मी कित्येक वर्षांपूर्वी वरळी सी फेसला एकदा छत उघडून जाताना बघितली होती आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेली नव्हती. मुलीचं शिक्षण झालं, प्रेसचं लोन फिटलं, तेव्हा ही म्हणाली आता घेऊन टाका, किती वर्षं नुसते फोटो बघणार.

ओशिवऱ्याच्या एका डीलरकडे मिळाली. मीटरवर १८,६४०. "दादा, सिंगल ओनर, साऊथ बॉम्बेची गाडी आहे, शेठ फक्त रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला एक राउंड मारायचे, बाकी आठवडा कव्हरखाली." मागितले २४ लाख. त्याच वर्षाच्या साठ-सत्तर हजार पळालेल्या गाड्या मी १६-१७ला बघितल्या होत्या, म्हणजे वरचे पैसे मी फक्त त्या आकड्याचे देणार होतो. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. जो माल आपण विकत घेतोय तो तपासायचा असतो, आणि मी रंग तपासला, छत चारदा उघडबंद केलं, म्युझिक सिस्टीम लावून बघितली, आकडा मात्र तसाच मान्य केला.

खुणा होत्या. ड्रायव्हर सीटची उजवी कड, जिच्यावर आपण उतरताना घासून उतरतो (गाडी इतकी खाली असते की अंग अक्षरशः त्या कडेवरून ओढून बाहेर काढावं लागतं), ती कड एकदम काळीभोर, नवी. मी हात फिरवला तर बोटाला काळा रंग लागला. मी त्याला दाखवलं, तो म्हणाला लेदर कंडिशनर आहे दादा, आजच मारलंय. मी बोट रुमालाला पुसलं आणि पुढे गेलो. तो रुमाल धुतला तरी डाग गेला नाही, कंडिशनर असं नसतं.

मी पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. म्हणाला तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली. या इंजिनची नेहमीची दुखणी, हाय प्रेशर पंप, इंजेक्टर, ती पहिल्या थंड स्टार्टला कळतात, सेल्फ लांब फिरतो, इंजिन थरथरतं. गरम इंजिनवर फारसं कळत नाही. टेस्ट ड्राइव्ह पण संध्याकाळी सातला लिंक रोडवर, गाडी तिसऱ्या गिअरच्या वर गेलीच नाही.

टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. चारही टायर २०२१चे. विचारलं तर म्हणाला रबर जुनं झालं म्हणून बदलले, आणि हे पटण्यासारखं आहे, उभ्या गाडीचे टायर पण वयाने कडक होतात. म्हणून नुसत्या टायरवरून काही ठरवू नका. पण ब्रेकच्या डिस्कला असं कारण सांगता येत नाही. डिस्कच्या बाहेरच्या काठाला नखाने चाचपा, जिथे पॅड घासत नाही तिथे कंगोरा राहतो. माझ्या गाडीला नख अडकेल एवढा कंगोरा होता, अठरा हजारात एवढा येत नाही. हे मला नंतर चेंबूरच्या मिस्त्रींनी माझा हात धरून दाखवलं, त्या दिवशी मी डिस्ककडे बघितलंसुद्धा नव्हतं.

सगळ्यात जास्त मनाला लागलेली गोष्ट ई-चलानची. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की राज्याच्या ट्रॅफिक चलानच्या साइटवर सगळं दिसतं. मी बघितलं होतं. सात चलान पेंडिंग, त्यातले तीन पुणे एक्सप्रेसवेला ओव्हरस्पीडचे, तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांतले, एकही रविवारचं नाही. रविवारी मरीन ड्राइव्हला राउंड मारणारी गाडी बुधवारी एक्सप्रेसवेवर काय करते हा प्रश्न मला पडला नाही, मी फक्त दंडाचे पैसे किमतीतून वजा करून घेतले आणि आपण व्यवहारात पक्के आहोत असं मला वाटलं.

भाव करताना पण तेच. २४चे २२ त्याने दहा मिनिटांत केले. मेव्हणा सोबत होता, तो हळूच म्हणाला भाऊजी, हा जरा लवकरच खाली येतोय. मी त्याला गप्प केलं. तेवढ्यात डीलरला फोन आला, "हो हो, या ना संध्याकाळी, गाडी आहे अजून", आणि मी साडेएकवीसला हो म्हणून एक लाख टोकन दिलं. एक लाख नव्वद हजार त्याने कॅश मागितले, दोन लाखाच्या आत आहे टेन्शन नाही म्हणाला, त्याची पावती आजपर्यंत मिळालेली नाही. डिलिव्हरी नोटवर खाली बारीक अक्षरात होतं की गाडी आहे त्या स्थितीत विकली, किलोमीटरची जबाबदारी आमची नाही. सही माझी आहे.

आणि चावी एकच. दुसरी मालकाकडे आहे, आठ दिवसांत देतो म्हणाला. आठ दिवसांचे दोन महिने झाले, नंतर फोन उचलायचा बंद झाला. शेवटी आधीच्या इन्शुरन्स पॉलिसीवर मालकांचा नंबर मिळाला तो लावला. (त्याच पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य होता, म्हणजे आदल्या वर्षी क्लेम घेतलेला, हेही मी आधी वाचलं नव्हतं.) प्रभादेवीला राहतात, सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ, म्हणाले अहो चावी माझ्या ड्रॉवरमध्येच आहे, माझ्याकडे कोणी मागितलीच नाही, या घेऊन जा. गेलो, त्यांनी चहा पाजला आणि बोलता बोलता म्हणाले, "फार साथ दिली हो तिने, दर आठवड्याला पुण्याला फॅक्टरीत जायचो, तिच्यातूनच."

माझ्या हातात कप तसाच राहिला. विचारलं काका, विकली तेव्हा किती पळाली होती, तर म्हणाले सत्तरच्या वर असेल, नक्की आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चाव्या घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. या गाड्यांच्या चावीत मेमरी असते, गाडी चालवताना त्या चावीत किलोमीटर आणि सर्व्हिसची माहिती लिहिली जाते, आणि सर्व्हिसवाल्यांकडे ती वाचायचं छोटं मशीन असतं. ॲडव्हायझरने पहिली चावी ठेवली, १९ हजार काहीतरी. मालकांची ठेवली. ७१,२१२. तो मुलगा काही बोलला नाही, त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यांनी चेसिस नंबर टाकून जुना रेकॉर्ड बघितला तर २०२०ची सर्व्हिस ५८ हजारावर झालेली. डीलरने दाखवलेलं शिक्के मारलेलं सर्व्हिस बुक सरळ खोटं होतं. मीटर मागे फिरवणाऱ्याने डॅशबोर्डमधला आकडा बदलला, चालू चावीत गाडीने आपोआप नवा आकडा लिहिला, पण प्रभादेवीच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या चावीपर्यंत कोणाचा हात पोचला नाही.

डीलरकडे गेलो तर भाषाच बदलली. "साहेब, आम्हालापण अशीच मिळाली, तुम्ही चेक करून घेतलीत ना?" दोन महिन्यांपूर्वी दादा होतो.

पोलीस स्टेशनला आधी सांगितलं हे सिव्हिल मॅटर आहे. वकिलांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीचा लेखी अर्ज करून दिला, तेव्हा अर्जावर पोच मिळाली. ग्राहक आयोगातही तक्रार टाकली आहे, ५० लाखापर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोग चालतो आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आधी काय करायचं कळत नसेल तर १९१५वर फोन करा. वकिलांनी अजून एक विचारलं, याच्याकडे आरटीओचं अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे का, कारण १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना ते लागतं. मी कधी मागितलंच नव्हतं. तुम्ही दुकानात शिरताच मागा.

आणि टोकन द्यायच्या आधी दोन्ही चाव्या मागा. एक चावी हरवली, गावाला आहे, दुबईला आहे असं म्हणाला तर थांबा. आरसीवरच्या मालकाशी स्वतः फोनवर बोला, डीलर नंबर देत नसेल तर जुन्या पॉलिसीची पूर्ण कॉपी मागा. सरकारच्या 'वाहन' नावाच्या साइटवर कितवा मालक, लोन आहे की नाही, इन्शुरन्स कधीपर्यंत हे सगळं दिसतं, किलोमीटर दिसत नाहीत, त्यामुळे "ऑनलाइन चेक केलं" एवढ्यावर समाधान मानू नका. गाडी सकाळी थंड असताना बघायला जा आणि लिफ्टवर चढवून तुमच्या मिस्त्रीला दाखवा. पोर्शे वगैरे बघत असाल तर स्कॅनरवर इंजिनचे ऑपरेटिंग अवर्स, म्हणजे इंजिन एकूण किती तास चाललं ते, काढून घ्या आणि किलोमीटरला त्या तासांनी भागा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा सरासरी ताशी ६-७ किलोमीटर आली तर मीटर खरं नाही.

गाडी आता बिल्डिंगखाली उभी असते. मिस्त्री म्हणाले डिस्क, वॉटर पंप आणि इंजेक्टर मिळून अजून बराच खर्च आहे, तो केस मिटेपर्यंत मी करणार नाही. मालकांची चावी वकिलांनी दोन साक्षीदारांसमोर पाकिटात घालून सील केली आहे. ती चावी मी एकदाही गाडीला लावलेली नाही, कारण ती घेऊन गाडी चालवली की तिच्यातला ७१,२१२ पुसला जाईल आणि त्या जागी १९ हजार लिहिले जातील.