घरविमा, दीड वर्षाचा अनुभव: पाणी आमचे, नुकसान खालच्यांचे

ऐरोलीतील आमच्या सदनिकेसाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घेऊन आता दीड वर्ष होत आले. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने ही पॉलिसी एकाच मसुद्यात मिळते, त्यामुळे मूळ संरक्षण कोणत्याही कंपनीकडे सारखेच असते. फरक पडतो तो हप्त्यात, जोडसंरक्षणांत (मूळ पॉलिसीला वरून जोडायच्या संरक्षणांत) आणि दावा हाताळणाऱ्या माणसांत. पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेले नुकसान तिच्यात धरलेले आहे, पण ते आपल्या घराचे. आपल्या घरातले पाणी खालच्या घरात उतरले तर त्यासाठी त्रयस्थ दायित्वाचे, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचे, वेगळे संरक्षण लागते. ते मी एजंटाच्या आग्रहाखातर घेतले होते. एरवी घेतले नसते.

आम्ही दोन दिवस गावी असताना वॉशिंग मशीनची नळी अँगल कॉकपाशी फाटली. परत आले तेव्हा खालचे काका जिन्यात बादली घेऊन उभे होते. त्यांचे पीओपीचे छत फुगून एका कोपऱ्यात कोसळले होते, भिंतीतले कपाट आणि गादी भिजली होती.

खरी अडचण इथून सुरू झाली. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैशांचे आश्वासनही द्यायचे नाही, अशी दायित्वाच्या संरक्षणाची अट असते. कायद्याच्या दृष्टीने ती रास्त असेलही, पण रोज ज्यांच्याशी लिफ्टमध्ये गाठ पडते त्यांच्यापुढे ती पाळणे फार अवघड जाते. मी खाली जाऊन फरशी पुसू लागले आणि म्हटले, “काका, पाणी आमच्याकडूनच आले हे दिसतेच आहे, पण पैशांचा शब्द आज देता येणार नाही.” काकूंनी त्यानंतर आठ दिवस बोलणे टाकले. सेक्रेटरींनी सोसायटीच्या लेटरहेडवर हमीपत्र मागितले, तेही मी दिले नाही. त्याऐवजी कंपनीला दिलेल्या सूचनेची प्रत दिली. सदनिकेतल्या नळांची गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची आणि मुख्य जलवाहिनीची सोसायटीने, असे सोसायटीच्या उपविधींत (नियमावलीत) आहेच. त्यामुळे जबाबदारीचा वाद नव्हता, वाद कागदाचा होता.

नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आले. काकांच्या न्हाणीघराच्या भिंतीवरची जुनी ओल त्यांनी लगेच वेगळी काढली, कारण हळूहळू झिरपलेले पाणी आणि अचानक फुटलेल्या नळीचे पाणी विम्याच्या दृष्टीने एक नव्हे. सुदैवाने काकूंनी गणपतीत काढलेल्या फोटोंत दिवाणखान्याचे छत स्वच्छ दिसत होते. फाटलेली नळी मी पिशवीत बांधून ठेवली होती. प्लंबरने ती फेकून दिली असती तर नुकसानीचे कारण सिद्ध करणे कठीण झाले असते. त्या नळीचे पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

सगळ्यात बोचणारा भाग घसाऱ्याचा, म्हणजे वस्तू जितकी जुनी तितकी तिची किंमत कमी धरण्याचा. माझ्या भिजलेल्या दिवाणाची भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने झाली, कारण या पॉलिसीत घरातील सामानाला तसाच नियम आहे. काकांचे आठ वर्षांचे कपाट मात्र दायित्वाच्या हिशेबात आले आणि तिथे वापराचा काळ वजा होतो. त्यांच्या १,१२,००० रुपयांच्या अंदाजपत्रकापैकी ७६,००० मंजूर झाले. चूक आमची आणि घसारा त्यांच्या माथी, हे त्यांना समजावताना मलाच पटत नव्हते.

वेळेबाबत कंपनीला चांगले म्हणता येणार नाही. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतरचा निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा. माझ्या घराचा दावा जवळपास त्याच मुदतीत मिटला; काकांचा अडीच महिने रेंगाळला आणि नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकल्यानंतरच हलला. तिथेही काम झाले नसते तर विमा लोकपालांकडे विनामूल्य जाता येते, हे ध्यानात ठेवावे. काकांची स्वतःची पॉलिसी असती तर त्यांच्या कंपनीने आधी त्यांना पैसे देऊन मग आमच्याकडून वसूल केले असते आणि त्यांना इतके ताटकळावे लागले नसते.

‘पूर्ण व अंतिम भरपाई’च्या कागदावर काकांनी तीन दिवस चष्मा लावून वाचून मगच सही केली. उरलेले ३६,००० मी त्यानंतर, कंपनीला लेखी कळवून, स्वतःच्या खिशातून दिले. यंदा नूतनीकरणात दायित्वाची मर्यादा २ लाखांवरून ५ लाखांवर नेली आहे.