चिटारेली की शेरिल: नुसत्या सहीने काय होईल आणि काय नाही

न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचा वर्षातला शेवटचा हप्ता १ नोव्हेंबरला भरायचा असतो. हे टिपण २०२५ च्या ऑक्टोबरअखेरचं आहे, त्या वर्षी ४ नोव्हेंबरला गव्हर्नरसाठी मतदान होतं. आमच्या फ्रिजवर टाऊनशिपचं बिल आणि नमुना मतपत्रिका तेव्हा एकाच चुंबकाखाली अडकवलेली होती. राज्यातलं सरासरी बिल २०२४ मध्ये पहिल्यांदाच दहा हजार डॉलरच्या पलीकडे गेलं, १०,०९५ वर. म्हणजे दर तिमाहीला अडीच हजार. एडिसनच्या ओक ट्री रोडवर दोन मराठी माणसं चहाला बसली की तिसऱ्या मिनिटाला विषय इथेच येतो.

तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या लागोपाठ दोन कारकिर्दी झाल्या होत्या, त्यामुळे त्यांना उभं राहता येत नव्हतं. रिपब्लिकन जॅक चिटारेली यांची ही तिसरी खेप. २०१७ ला ते पक्षांतर्गत फेरीतच हरले आणि २०२१ ला मर्फींना घाम फोडून जेमतेम तीन टक्क्यांनी हरले. पेशाने हिशेबनीस आणि व्यावसायिक, पूर्वी असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, आमदार. डेमोक्रॅट मिकी शेरिल नौदलात हेलिकॉप्टर चालवायच्या, पुढे फेडरल सरकारी वकील झाल्या आणि २०१९ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, होत्या.

गेल्या काही दिवसांत नव्याने नागरिक झालेल्या तिघाचौघांनी मला विचारलं की चिटारेलींच्या योजनांमध्ये दम आहे का. मी त्यांना एकच युक्ती सांगितली. प्रत्येक आश्वासनापुढे लिहा: हे गव्हर्नर एकट्याच्या सहीने करू शकतो, की राजधानी ट्रेन्टनच्या विधिमंडळातून पास करून घ्यावं लागेल? २०२५ च्या निवडणुकीआधी राज्याच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट २५ विरुद्ध १५ होते, असेंब्लीत ५२ विरुद्ध २८. या दोन आकड्यांनी बरीचशी भाषणं आपोआप गाळली जातात. शेरिलबाईंनाही हीच चाळणी लावायची, फक्त त्यांच्यासाठी भोकं मोठी आहेत, कारण सभागृहं त्यांच्या पक्षाची.

आधी प्रॉपर्टी टॅक्स. चिटारेली म्हणतात, घराच्या नोंदलेल्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांहून जास्त कर लागू द्यायचा नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्यांचा कर जिथे आहे तिथे गोठवायचा. ऐकायला गोड आहे. पण हा कर गव्हर्नर गोळाच करत नाही. फ्रिजवरचं बिल जवळून वाचा: एक ओळ काउंटीची, एक टाऊनची, एक शाळांची, आणि शाळांची ओळ साधारण निम्म्याहून मोठी असते. वरून मर्यादा घातली, तर शाळांचा खड्डा कुणीतरी भरायला हवा. म्हणून त्यांचा खरा मुद्दा दुसराच आहे आणि तो मला टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा महत्त्वाचा वाटतो: शाळांना राज्याची मदत वाटण्याचं २००८ चं सूत्र बदलायचं. न्यूअर्क, कॅम्डनसारख्या शहरांकडे मोठा वाटा जातो आणि उपनगरं स्वतःच्या खिशातून शाळा चालवतात, ही त्यांची तक्रार. एडिसन, ब्रिजवॉटर किंवा वेस्ट विंडसरमध्ये घर घेतलेल्याला ती पटकन पटते. मात्र गरीब जिल्ह्यांना पुरेसा निधी देण्याबाबत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल आहेत, ॲबट खटल्यांचे. त्यामुळे हे काम विधिमंडळात आणि कोर्टात, दोन्हीकडे अडू शकतं. सही इथे पुरत नाही.

शेरिल यांचं उत्तर इथे पातळ आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. छोटे शाळा-जिल्हे एकत्र करा, टाऊन्सनी सेवा वाटून घ्या, नवी घरं बांधा. ५६४ नगरपालिका आणि जवळपास ६०० शाळा-जिल्हे असलेल्या राज्यात विचार चांगला, पण आपल्या टाऊनची शाळा शेजारच्या टाऊनमध्ये विलीन करायला कोण तयार होतं? हे मी दोन दशकं ऐकतोय.

विजेच्या बाबतीत उलट आहे. तिथे शेरिल यांची घोषणा ठसठशीत: पहिल्याच दिवशी आणीबाणी जाहीर करून दर गोठवणार. जून २०२५ मध्ये दर १७ ते २० टक्के वाढले, तेव्हापासून वीजबिल हा या निवडणुकीतला तिसरा उमेदवार झालाय म्हणा ना. वाढीचं मूळ ‘पीजेएम’ या तेरा राज्यांच्या ग्रिडच्या लिलावात आहे. क्षमतेचा भाव, म्हणजे गरजेला वीज देण्याची तयारी ठेवल्याबद्दल वीजकेंद्रांना मिळणारा दर, मेगावॅट-दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ वर गेला. एका राज्याचा गव्हर्नर त्या लिलावाला फार हात लावू शकत नाही. राज्याच्या वीज नियामक मंडळाचे सदस्य मात्र गव्हर्नर नेमतो, त्यामुळे बिलाच्या काही भागावर पकड असते. गोठवलेला फरक पुढे कधी आणि कोण भरणार, हा प्रश्न उरतोच.

चिटारेली म्हणतात, ‘रेगी’ या कार्बन बाजारातून (वीजकेंद्रांना कार्बन सोडण्याचे परवाने विकत घ्यावे लागतात, असा काही राज्यांचा बाजार) राज्याला बाहेर काढतो, समुद्रातल्या पवनचक्क्या बंद, गॅस आणि अणुवीज वाढवतो. रेगीतून बाहेर पडणं हे गव्हर्नरच्या हातातलं आहे. ख्रिस क्रिस्टींनी २०११ मध्ये तेच केलं होतं, मर्फींनी पुन्हा आत आणलं. पण रेगीचा बिलातला वाटा लहान आहे, आणि त्याच्या परवान्यांच्या लिलावातून राज्याला मिळणारा पैसाही जाईल. नवं गॅस केंद्र उभं राहायला वर्षं लागतात. थोडक्यात, पुढच्या उन्हाळ्यात एसी लावताना दोघांपैकी कुणाच्याही भरवशावर राहू नका.

आता जिथे सही खरोखर चालते तो मुद्दा: स्थलांतरित. २०१८ मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी एक निर्देश काढला. इमिग्रेशनच्या दिवाणी प्रकरणांत स्थानिक पोलिसांनी फेडरल अधिकाऱ्यांना किती मदत करायची, याला त्यात मर्यादा घातल्या आहेत. चिटारेली तो पहिल्याच दिवशी रद्द करणार म्हणतात, आणि हे ते करू शकतात, कारण इथे ॲटर्नी जनरल निवडून येत नाही, गव्हर्नर नेमतो. शेरिल तो रद्द करणार नाहीत, पण त्याचा पक्का कायदा करायला त्या फारशा उत्सुकही दिसत नाहीत. आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. एच-१बी व्हिसावर सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं एक लाख डॉलरचं शुल्क, ग्रीन कार्डची रांग, यातलं काहीही ट्रेन्टनला ठरत नाही. त्या रागावर किंवा आशेवर इथलं मत देऊ नका.

गर्भपाताबद्दल चिटारेली २० आठवड्यांनंतर बंदी आणि अल्पवयीन मुलीच्या पालकांना कळवण्याच्या बाजूचे आहेत. शेरिल यांना तो हक्क राज्यघटनेत घालायचाय. गर्भपाताचा हक्क देणारा २०२२ चा कायदा आणि विधिमंडळातलं डेमोक्रॅट बहुमत पाहता चार वर्षांत बंदी येणं अवघड.

पिशव्यांचा मुद्दा मला मनापासून आवडला. मे २०२२ पासून मोठ्या किराणा दुकानांत प्लास्टिकचीच काय, कागदाचीही पिशवी मिळत नाही. चिटारेली प्लास्टिकच्या पिशव्या परत आणणार म्हणतात. माझ्या गाडीच्या डिकीत एकतीस पिशव्या निघाल्या, त्यात दादरच्या साडीच्या दुकानाची एक. दुकानात शिरल्यावर त्या गाडीतच राहिल्याचं आठवतं, हे वेगळं. पण बंदी हा कायदा आहे, म्हणजे पुन्हा विधिमंडळ.

मग चिटारेली निवडून आले तर त्यांच्या हातात काय? सर्वांत मोठं हत्यार अर्थसंकल्पाचं. या राज्याचा गव्हर्नर खर्चाच्या एकेका ओळीवर काट मारू शकतो, आणि ती काट फिरवायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. मर्फींचा शेवटचा अर्थसंकल्प ५८.८ अब्ज डॉलरचा आहे. खर्च फार वाढला असं तुम्हाला वाटत असेल, तर चिटारेलींना मत देण्याचं सर्वांत भक्कम कारण हे आहे, टक्क्यांची मर्यादा किंवा पिशव्या त्यामानाने किरकोळ. तोच खर्च तुमच्या मुलाच्या शाळेत किंवा आईवडिलांच्या करसवलतीत येत असेल, तर काट कुठे बसणार हे त्यांना विचारा. विक्रीकर ६.६२५ वरून १० टक्के होणार अशी भीती शेरिल यांच्या जाहिराती घालतात. वाढवणार नाही, असं चिटारेली सांगतात.

राहता राहिले ट्रम्प. वादसभेत चिटारेलींनी त्यांना ‘ए’ ग्रेड दिली. न्यूयॉर्कला रोज ट्रेनने जाणाऱ्याने ही ग्रेड हडसनखालच्या १६ अब्जांच्या नव्या बोगद्याशी ताडून पाहावी, कारण तो प्रकल्प रद्द झाल्याचं ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. आपलं ट्रम्पशी जमतं म्हणून पैसा आणू, हा चिटारेलींचा दावा. कोर्टात खेचू, हा शेरिल यांचा.

२०२५ मध्ये २ नोव्हेंबरपर्यंत लवकर मतदान होतं, काउंटीतल्या कुठल्याही लवकर-मतदान केंद्रावर जाता येत होतं. मतपत्रिकेवर गव्हर्नरच्या खालची ओळ वाचल्याशिवाय बाहेर पडण्यात अर्थ नव्हता. असेंब्लीच्या सगळ्या ८० जागा तेव्हा निवडणुकीत होत्या, तुमच्या वाट्याला दोन.