आर्गोस की सर्बेरस?

कुत्र्याला ग्रीक पुराणातलं नाव द्यायचं म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात.

सर्बेरस म्हणजे पाताळाचा राखणदार कुत्रा. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडने त्याला 50 डोकी दिली, पुढे तीन रूढ झाली. मेलेल्यांना आत येऊ द्यायचं, बाहेर मात्र कुणालाच सोडायचं नाही, हे त्याचं काम. महावीर हेराक्लीसने त्याला जिवंत धरून वर आणलं. नाव भारदस्त आहे, रॉटवायलरला शोभेलही.

आर्गोस होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या 17व्या सर्गात भेटतो, तोही मोजक्या ओळींत. त्याचा धनी, इथाकाचा राजा ओडिसियस, 20 वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी परततो. सोबत चालणारा, डुकरं राखणारा त्याचा जुना नोकरही त्याला ओळखत नाही. दाराबाहेर शेणाच्या ढिगावर, गोचिडांनी भरलेला म्हातारा आर्गोस पडलेला असतो. एकेकाळी हा हरणांमागे, सशांमागे धावायचा; आता उठायचं त्राण नाही. धनी जवळ आल्याचं कळताच तो शेपूट हलवतो, कान पाडतो. बिंग फुटेल म्हणून ओडिसियसला त्याच्याजवळ जाता येत नाही. नोकराची नजर चुकवून तो डोळे पुसतो. धन्याला पाहिलं आणि आर्गोसने प्राण सोडला.

शिकारी कुत्र्यांना हाक मारायला सोपी, छोटी नावं द्यावीत, असं प्राचीन ग्रीक लेखक झेनोफनने सांगून ठेवलंय. मैदानात लांबून 'सर्बेरस' ओरडून बघा; 'आर्गोस' चटकन तोंडात बसतं. शिवाय कुत्र्याकडून आपल्याला दहशत नको असते, माया हवी असते. माझं मत आर्गोसलाच.