सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीलगतचा प्लॉट: कागद चोख, रस्ता मुरमाचा

पाचपैकी साडेतीन. कागदांना पैकीच्या पैकी दिले असते, दीड गुण रस्त्यानं, दिव्यांनी आणि एजंटाच्या जिभेनं घालवला.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. शिफ्ट सुटली की लगेच घर गाठता यावं, एवढीच मागणी होती. एजंटानं गाडीत बसल्यापासून 'मॅडम, दोन वर्षांत डबल' सुरू केलं. म्हटलं, दर नंतर सांगा, आधी झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, म्हणजे विकास आराखड्यात ही जागा कशासाठी आहे ते कळेल. जरा चपापला, पण ऑफिसात फाईल नीट लावलेली होती. मंजूर लेआउट, एनए (बिगरशेती) आदेश, मोजणी नकाशा, सगळं. महारेराचा, म्हणजे राज्याच्या बांधकाम-प्लॉट नियामकाचा, क्यूआर कोड जाहिरातीवर ऑगस्ट 2023 पासून सक्तीचा आहे. यांच्या फलकावरचा स्कॅन केल्यावर खरंच उघडला.

गुंठेवारीनं किती घरांची झोप घालवली, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शेतजमिनीचा तुकडा स्टॅम्पपेपरवर घ्यायचा, घर बांधायचं, मग गटारीसाठी महापालिकेत खेटे. 2001 मध्ये नियमितीकरणाचा कायदा आला, 2021 मध्ये त्याची मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढवली. म्हणून आज कुणी 'नंतर नियमित होतंय की' म्हणत तसला तुकडा गळ्यात मारत असेल, तर उठून या. इथं प्रत्येक प्लॉटला लेआउटात नंबर आहे. ओपन स्पेसवर बाक आहेत आणि अजून कुणी देऊळ बांधायला घेतलेलं नाही, हे विशेष.

माझं माहेर सांगलीच्या गावभागात, नदीजवळ. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा आईला वरच्या मजल्यावरून बोटीनं काढलं. त्यामुळे पूररेषा मी सगळ्यात आधी बघितली. निळ्या, म्हणजे नदीकडच्या, रेषेच्या आत घर बांधता येत नाही. निळी आणि तिच्या बाहेरची लाल यांच्यामध्ये जोतं उंच घेऊन, अटी पाळून बांधता येतं. हा प्लॉट दोन्हींच्या बाहेर आहे.

घोळ आहे तो पूर्वेच्या रांगेत. ती हद्द औद्योगिक झोनला लागते. एजंट बोट दाखवून म्हणतो, 'तिथं गार्डन होणार.' भाग नकाशात ती जागा जांभळी, म्हणजे औद्योगिक, आहे हो, गार्डन कुठून येणार? उद्या तिथं शेड उभी राहिली, तर ती झोनप्रमाणेच असेल, मग कुणाच्या नावानं ओरडणार? मी आतली रांग घेतली. तरी संध्याकाळी वारा फिरला की वास येतो. मला सवय आहे. घरात दम्याचा माणूस असेल, तर बघायला दुपारी नको, संध्याकाळी जा.

दूध, किराणा, पिठाची गिरणी चालत जाण्याजोगी. दवाखान्यासाठी मिरज जवळ, ती काळजी नाही. वडाप (शेअर जीप-रिक्षा) मुख्य रस्त्याला मिळतं, पण सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत ते बंद झालेलं असतं, आणि तिथून आत अंधार. खांब उभे आहेत, दिवे नाहीत. विचारलं तर 'दिवाळीनंतर.' कुठल्या, ते सांगत नाहीत. माहितीपत्रकात डांबरी दाखवलेले आतले रस्ते मुरमाचे आहेत, पावसात स्कूटी घसरते. रस्ता आणि दिव्यांची तारीख करारात लिहून घ्या, आणि दराचं बोलणं एजंटाला वगळून थेट मालकाशी करा. आम्हाला त्यात बऱ्यापैकी कमी झालं.