गोवा ते दुबई: थेट विमान की मुंबईवरून? काही महिन्यांच्या ये-जा नंतरचा अनुभव

लेक दुबईला असल्यामुळे फोंड्याहून माझं येणं-जाणं चालूच असतं. भाडं किती, विमानं कुठली, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मुद्द्याचंच सांगते: मुंबईवरून जाणारं स्वस्त तिकीट दोन वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे दोन वेगळ्या बुकिंगवर, मिळत असेल तर कितीही वाचत असले तरी घेऊ नका.

गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी ते दुबई सरळ रेषेत साधारण 2,200 किलोमीटर. मुंबईवरून गेलं तर आधी 425 आणि पुढे 1,930, म्हणजे जेमतेम दीडशे किलोमीटर जास्त. थेट विमान साडेतीन तासांत पोचवतं. मुंबईवरून मात्र आठ-दहा तास सहज जातात, आणि त्यातले निम्मे तरी जमिनीवर.

गेल्या खेपेला अशाच दोन पीएनआरवर निघाले आणि गोव्याचं विमान उशिरा सुटलं. मुंबईत टर्मिनल 1 ला उतरले, दुबईचं विमान टर्मिनल 2 वरून. विमानतळ एकच, पण बाहेर पडून रस्त्यानेच जावं लागतं. त्याआधी सामान घ्यायचं. पट्टा फिरतोय, लोक आपापल्या बॅगा उचलून चाललेत आणि माझा सोलांचा, म्हणजे सुक्या कोकमांचा, खोका काही येत नाही. खोका आला तेव्हा सुतळी तुटलेली, एक कोपरा फाटलेला. तो छातीशी धरून टॅक्सीत बसले. पोचले तोवर काउंटर बंद. सुटण्याच्या तासभर आधी तो बंद होतो आणि मग कुणी ऐकत नाही.

पहिली कंपनी म्हणते, दुबईचं तिकीट आमचं नाही. दुसरी म्हणते, तुम्ही वेळेत आला नाहीत. नियमाने दोघीही बरोबर, याचीच मला जास्त चीड आली. पूर्ण भाडं बुडालं. विमान चुकलं तरी कर आणि विमानतळ शुल्क परत मागता येतं, तेवढंच मिळालं, तेही पाठपुरावा केल्यावर. तुम्हीही मागा, सोडू नका.

आधी मी थेट विमानावर नाराज होते. वेळा अपरात्रीच्या, आणि मोपाहून, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावरून, असेल तर फोंड्याहून दीड तास, वर रात्रीच्या टॅक्सीचं भाडं. टॅक्सीबद्दलची तक्रार अजूनही कायम आहे. पण 2023 च्या जानेवारीत सुरू झालेलं मोपा आता मला आवडायला लागलंय. दाबोळी नौदलाच्या तळावर, तिथल्या वेळा नौदलाच्या सोयीने. मोपाला ऐसपैस जागा आहे, बसायला नीट मिळतं, गुडघे दुखणाऱ्या बाईला याचं मोल कळतं.

घड्याळाकडेही लक्ष ठेवा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. दोनला सुटून चारला पोचतं असं दिसलं तर प्रवास साडेतीन तासांचाच आहे. हिवाळ्यात येताना वारा पाठीमागून असतो, तेव्हा परतीला वीस-पंचवीस मिनिटं कमी लागतात. दिवाळीनंतर आले तेव्हा पायलटने वेळेआधी उतरतोय म्हणून सांगितलं आणि फार बरं वाटलं.

मुंबईवरून जाणं भागच असेल तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. गोव्यातच सामानाच्या चिठ्ठीवर शेवटचं नाव दुबईचं, डीएक्सबी, आहे ना ते बघा. बीओएम, म्हणजे मुंबई, दिसलं तर काउंटर सोडू नका.